पेंटरच्या घरातली भिंत

पेंटरला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची आणि बाकीचा अख्खा रस्ता 'पेंटर' म्हणायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. ज्याचं काम लोकांच्या डोक्यावर टांगलेलं आहे त्याला नावाची गरज काय, असा त्याचा हिशेब होता.

हात मात्र खरोखर देखणा. दोऱ्याला निळी पावडर चोळून तो दोरा पाटीवर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा, की सरळसोट रेघ उमटायची. मग त्या रेघेखाली खडूने अक्षरांचा अंदाज घ्यायचा, आणि शेवटी ब्रश. ब्रश एकदा टेकला की अक्षर पुरं होईपर्यंत तो श्वास सोडत नसे. समोरून बँड वाजत गेला तरी मान वळायची नाही.

शब्दांशी मात्र त्याचं फारसं सख्य नव्हतं. दुकानदार लांबलचक मजकूर घेऊन यायचे आणि पेंटर तो हातात धरून आधी पाटीकडे बघायचा. "जागा केवढी आहे ते बघा, तोंड केवढं आहे ते नको," असं म्हणून तो कात्री चालवायला घ्यायचा. सायकलवाल्याने 'आमच्या येथे सर्व प्रकारचे जुने व नवे सायकलचे सुटे भाग योग्य दरात मिळतील' असं लिहून आणलं, तर पाटीवर आलं 'सायकलचे सुटे भाग'. सायकलवाला आधी हिरमुसला, पण पाटी वर चढली तेव्हा त्यालाही पटलं. मजकुरातले निम्मे शब्द म्हणजे न बोलावता जेवायला आलेले पाहुणे, असं पेंटर म्हणायचा. त्याच्या कात्रीतून एका दुकानदाराच्या वडिलांचं नावसुद्धा सुटलं नव्हतं.

गुणी माणसाला एखादी खोड असतेच, पण याची खोड घरादाराला पुरून उरणारी होती. त्याला चूक दाखवलेली खपत नसे. औषधाच्या दुकानवाल्याने एकदा, पाटी पुरी झाल्यावर, एक अक्षर डावीकडे कलल्यासारखं वाटतंय असं अगदी चाचरत सांगितलं. पांढऱ्या रंगाचा डबा उघडून पेंटरने अख्खी पाटी कोरी केली आणि सामान आवरून निघून गेला. कित्येक दिवस औषधवाला कोऱ्या पाटीखाली बसून औषधं विकत होता. शेवटी त्याची बायको येऊन पेंटरच्या बायकोला गळ घालून गेली, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

घरातही तोच न्याय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बायकोने सहज म्हटलं होतं की हा पिवळा जरा गडद झालाय का. त्यावर साहेब दोन दिवस जेवले नाहीत. ताट भरलेलं तसंच उचलावं लागलं. तेव्हापासून तिने एकच शब्द पाठ केला, 'छान'. पाटी कशीही असो, छान. संसार टिकवायला माणसं याहून मोठ्या गोष्टी गिळतात, त्यामुळे तिला यात विशेष काही वाटत नव्हतं.

ती एका शिंप्याचं काज-बटणाचं काम घरी आणून करायची. खोली सायकलच्या दुकानाच्या वर होती. खिडकीशी तिचं टेबल, त्यावर शर्टांचा ढीग, बटणांचा पत्र्याचा डबा आणि हाताशी श्वासाचा पंप. दमा तिला लहानपणापासून होता. लग्न ठरवताना माहेरच्यांनी ते सांगितलं नव्हतं, 'थंडीत जरा खोकते' एवढ्यावर निभावून नेलं होतं. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात पेंटरला कळलं की 'जरा' म्हणजे किती. पण त्याच्या बाजूने हे सांगायलाच हवं, की त्याने त्यावरून तिला कधी एका शब्दाने टोचलं नाही. घरातले रंगाचे सगळे डबे त्याने खाली एका टपरीत हलवले. काम संपलं की हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचा, शर्ट जिन्याखालच्या खुंटीवर सोडायचा आणि दुसरा घालून वर यायचा. आयुष्यभर टर्पेंटाइनमध्ये राहून त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. म्हणून अंगाला वास येतोय की नाही हे बघायला तो खालच्या इस्त्रीवाल्यापुढे हात करायचा आणि इस्त्रीवाला ते हुंगून निकाल द्यायचा.

"जा पेंटर, आज पास."

किंवा, "अजून एकदा धुवा. वहिनींना त्रास होईल."

पुढे मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि पेंटरचं काम बघता बघता आटलं. गाड्यांचे नंबर, टँकरवरचे आकडे, 'येथे वाहन लावू नये', एवढंच हाती उरलं. टपरीत बसून तो वाळलेले ब्रश पुन्हा पुन्हा धुवायचा. घरी फारसं बोलायचा नाही. बायकोला हे दिसत होतं, पण काय बोलावं ते सुचत नव्हतं. न विकलेल्या कौशल्याचं सांत्वन कसं करायचं हे कोणीच शिकवत नाही.

अशातच एका सकाळी तो तिच्याबरोबर छातीच्या दवाखान्यात गेला. एरवी ती एकटी जायची, पण त्याला त्या दिवशी काम नव्हतं. लांब बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. जाड चष्म्याच्या नर्सबाई दारात आल्या आणि सगळ्या बाकाला उद्देशून म्हणाल्या, "त्रास वाढला तर काय करायचं, हे लिहून दिलेला कागद कोणाकोणाकडे आहे?"

बाकावर चुळबुळ झाली. एकाने औषधांची चिठ्ठी पुढे केली. एका बाईने एक्स-रेचं पाकीट दाखवलं. कोपऱ्यातल्या बस ड्रायव्हरने कपाळावर बोट टेकवलं. "आपलं सगळं इथे असतं, बाई."

"मागच्या महिन्यात तुम्हाला याच दारातून उचलून आणलं होतं ना? तेव्हा कुठे गेलं होतं ते सगळं?"

बाक हसला, ड्रायव्हरही हसला. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत.

"मी रोज विचारते," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बाकावर एखादा हात वर होतो, कधी तोही होत नाही. आणि ज्याचा होतो त्याचा कागद कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. डॉक्टर तोंडी सांगतात, तुम्ही माना हलवता, आणि दाराबाहेर पडेपर्यंत फक्त मान हलवल्याचं लक्षात राहतं."

खोटं काहीच नव्हतं त्यात. वाण्याकडून चार वस्तू आणायच्या तर आपण चिठ्ठी करतो. श्वास अडकला तर काय करायचं हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं म्हणे.

पेंटरला ते फार लागलं. बाकीच्यांना ती आरोग्याची गोष्ट वाटली असेल, त्याला तो सरळसरळ अक्षरांचा अपमान वाटला. त्याने बायकोकडे वळून विचारलं, "अगं, तुझ्याकडे आहे का असा कागद?"

"नाही."

"इतक्या वर्षांत?"

"कोणी दिला नाही. मी मागितला नाही."

"मग आता माग."

आत गेल्यावर तिने मागितला. डॉक्टरांनी औषधं तपासून सांगितली आणि नर्सबाईंनी छापील कागद पुढ्यात घेऊन तो भरला. तीन भाग होते. वरचा हिरवा, काही त्रास नसतानाचा: रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, बरं असलं तरी. मधला पिवळा, खोकला वाढला, झोपेतून जाग यायला लागली तर काय करायचं त्याचा. खालचा लाल. नर्सबाईंनी लाल भागावर पेनाचं टोक टेकवून तो सावकाश वाचून दाखवला. "एक वाक्यही धाप न लागता पुरं होत नाही, असं झालं तर तातडीचा पंप घ्यायचा आणि बरं वाटलं तरी लगेच दवाखान्यात यायचं. इथेच सगळे फसतात. पंपाने उतार पडतो, पण तो थोडाच वेळ टिकतो."

बायको कान देऊन ऐकत होती. पेंटर कागदाकडे बघत होता. लाल भाग छापताना शाई कमी पडून तो गुलाबी झाला होता, आणि धोक्याची गोष्ट गुलाबी रंगात सांगणारा हा कोण शहाणा, या विचाराने त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

घरी जाताना जिन्यातच त्याने जाहीर केलं, "हा कागद मी भिंतीवर काढणार."

त्यानंतरचे दिवस तो पुन्हा पूर्वीचा पेंटर झाला होता. बायकोला त्याने लेकीकडे आठवडाभर राहायला पाठवलं, रंगाचा वास तिच्या छातीत जायला नको म्हणून. तेवढ्यावर न थांबता टर्पेंटाइनचे रंग बाजूला ठेवून त्याने पाण्यात कालवायचा रंग आणला, जो त्याला एरवी रंगच वाटत नसे. खिडकी सताड उघडी ठेवली. कॉटच्या समोरची, दार आणि खिडकीच्या मधली भिंत घासून गुळगुळीत केली. ती आडवी झाली असेल, डोळ्यांवर चष्मा नसेल, तरी वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षर मोठं धरलं. कोणी पैसे देणार नव्हतं, कोणी घाईही करत नव्हतं. इतकं मन लावून त्याने कुठल्याच दुकानाची पाटी केली नव्हती.

हिरवा भाग झाला, पिवळा झाला. लाल भागाचं अक्षर त्याने आणखी मोठं घेतलं होतं. खडूने शेवटची ओळ आखली तेव्हा ती खिडकीच्या चौकटीवर जाऊन आदळली. पेंटर मागे सरकून कॉटवर बसला आणि बघत राहिला. अक्षर बारीक करायला हात धजेना. सगळ्यात मोठ्या धोक्याचं अक्षर सगळ्यात बारीक कसं असेल? मग त्याने तेच केलं जे तो उभा जन्म करत आला होता. ओळीत आगंतुक कोण आहे ते शोधलं. 'लगेच दवाखान्यात जा' यात सगळं आलंच की. 'बरं वाटलं तरी' हे शब्द त्याला नुसते रेंगाळलेले वाटले. त्याने ओलं फडकं घेतलं आणि खडू पुसला. ओळ दार-खिडकीच्या मध्ये अशी ऐटीत बसली की तो एकटाच हसला.

बायको परत आली तेव्हा तो तिच्या मागे दारात उभा राहिला. तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. लाल भागाशी ती थांबली. जरा पुढे झाली, पुन्हा वाचलं. मग वळून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लहान मुलासारखे तिच्या तोंडावर खिळले होते.

"छान झालंय," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. छान."

भिंत बघायला शेजारपाजारचे येऊन गेले. सायकलवाला म्हणाला, आजारपण इतकं सुंदर त्याने पहिल्यांदाच पाहिलं. खालच्या इस्त्रीवाल्याच्या म्हाताऱ्या वडिलांनाही दमा होता आणि त्यांच्याकडेही कसला कागद नव्हता. तेच पंप, तोच दवाखाना, म्हणून तो एका दुपारी वर आला आणि भिंतीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. पेंटरने तो त्याच्या हातातून घेऊन भिंतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि कागद परत दिला.

त्या भिंतीचा फायदा झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पूर्वी बरं वाटायला लागलं की रोजचा पंप डब्यामागे जायचा. आता समोरून हिरवी अक्षरं डोळे वटारून बघायची, त्यामुळे तिचा एकही पंप चुकेना. तो हिवाळा तिला कधी नव्हे इतका सुखाचा गेला. जिना एका दमात चढून आली की ती वर येऊन भिंतीकडे बघून मान डोलवायची, आणि पेंटर ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

मग पाण्याच्या नळासाठी समोरचा रस्ता खणायला घेतला. दिवसभर धूळ. खिडकी लावली तर खोलीत घुसमट, उघडली तर शर्टांवर मातीचा थर. त्यात तिला सर्दी झाली. खोकला वाढला, तसं तिने पिवळ्या भागात लिहिलेलं सगळं केलं. तरी एका दुपारी, जेवणं होऊन पेंटर पान घेऊन बसला असताना, ती कॉटच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली. खांदे कानांपर्यंत वर आले होते.

"काय होतंय?"

"नाही... होत..." एवढंच ती बोलू शकली.

पेंटर उठून भिंतीकडे वळला. मोठ्याने वाचलं: "तातडीचा पंप घ्या. लगेच दवाखान्यात जा." पंपाला औषध ओढायची नळी लावून त्याने ती तिच्या तोंडाशी धरली. एक, मग थांबून पुन्हा एक, कागदात होतं तसं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. ओठांवर रंग आला. पेंटरने तोवर चपला घातल्या होत्या आणि औषधांची फाईल काखेत मारली होती.

"चल."

"आता कशाला?" तिने पुरं वाक्य धाप न लागता म्हटलं आणि जरा हसलीसुद्धा. "उतरलं की. बरं वाटतंय मला."

"लिहिलंय ना, लगेच जा."

"ते नाहीच उतरलं तर असेल." असं म्हणताना तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथून शर्टांच्या ढिगावर आली. "आणि हे संध्याकाळी द्यायचेत. शिंपी खाऊन टाकेल मला."

पेंटरने भिंतीकडे पाहिलं. तिला उत्तर देता येईल असं तिथे काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखंच झालं. दवाखान्याची ती गर्दी, तो वास, ते बाक. माणसाला जे ऐकायचं असतं ते पटायला वेळ लागत नाही. त्याने चपला काढल्या, थोडा वेळ तिच्याजवळ बसला, आणि मग गॅरेजात एका टँकरवर आकडे काढायचे होते तिकडे गेला.

परतला तेव्हा उन्हं उतरली होती. वर आला तर ती टेबलावर कपाळ टेकून बसली होती. मांडीवर अर्धवट काज केलेला शर्ट, मुठीत पंप. त्याने खांद्याला धरून उठवलं. ओठ निळसर पडले होते, छातीतून शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण बोलायला तोंड उघडून काही उपयोग नाही हे तिला कळलं होतं. पेंटरने खिडकीतून इस्त्रीवाल्याला अशी हाक मारली की खणणारे मजूर थांबले. दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला आणि इस्त्रीवाल्याच्या कपडे पोचवायच्या टेम्पोतून, खणलेल्या रस्त्याला वळसा घालून, दवाखाना गाठला.

आत तिला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. दार बंद झालं. पेंटर बाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. थोड्या वेळाने छातीच्या दवाखान्यातल्या त्याच नर्सबाई आल्या. त्यांनी त्याला ओळखलं.

"दुपारीही असंच झालं होतं?"

"हो. पण पंपाने उतरलं. बरं वाटायला लागलं."

"मग तेव्हाच का नाही आणलंत?" त्या रागावल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "लिहून दिलेलं होतं ना मी. बरं वाटलं तरी या."

पेंटरला ते ओलं फडकं आठवलं. खडूचं पांढरं पाणी बोटांवरून कसं ओघळलं होतं तेही आठवलं. ओळ बसली म्हणून तो हसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताची किळस आली. ज्या हातावर त्याने जन्मभर मिजास केली, त्याच हाताने बायकोचा जीव चौकटीत मावत नाही म्हणून पुसून टाकला होता.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. दोन दिवसांनी तिला मोठ्या खोलीत हलवलं. लेक येऊन रात्रभर बसली होती, ती आता तोंड धुवायला गेली होती. पेंटर कॉटजवळच्या स्टुलावर बसला. काय बोलायचं ते त्याने मनात कितीदा तरी घोळवलं होतं.

"अगं," तो खाली बघत म्हणाला, "त्या भिंतीवर, लाल भागात..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बरं वाटलं तरी. कागदावर होतं ते." तिचा आवाज घोगरा झाला होता.

पेंटरने मान वर केली. "कधी कळलं तुला?"

"आले त्याच दिवशी."

"आणि बोलली नाहीस?" त्याचा आवाज चढला. शेजारच्या कॉटवरच्या बाईने मान वळवली. "जीव गेला असता तुझा! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"बोलले असते तर तुम्ही भिंत पुसली असतीत."

"पुसली असती! मग?"

"मग परत ब्रशला हात लावला नसतात." तिने थांबून दम घेतला. "किती दिवसांनी तुम्ही गुणगुणत जिना चढत होतात. म्हटलं, कागद बटणांच्या डब्यात आहे आणि मला पाठ आहे. भिंतीवर नसलं म्हणून काय बिघडतं?"

"आणि त्या दुपारी? पाठ होतं ना? त्या दुपारी तरी म्हणायचंस!"

तिने नजर छताकडे वळवली.

"त्या दुपारी मलाही जायचं नव्हतं," ती म्हणाली. "भिंतीवर नाही ते बरंच आहे, असं वाटलं मला तेव्हा."

पेंटरचा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. शब्द त्याने पुसले होते हे खरं, पण ते सांगायची तिची जीभ त्याने त्याच्याही कितीतरी आधी बंद करून ठेवली होती. दोन दिवस ताटाला न शिवून. एवढी वर्षं तो 'छान' ऐकत आला आणि त्याने ते खरं मानलं. त्याने तिचा हात हातात घेतला. बोलली मात्र तीच.

"इस्त्रीवाल्याने ते उतरवून घेतलंय."

पेंटर दचकला. त्याच्या हे ध्यानातच नव्हतं.

"म्हातारे आहेत त्याचे वडील," ती म्हणाली. "आणि धूळ तिकडेही आहेच. आधी तिकडे जा."

"जातो. लेक येऊ दे, संध्याकाळी..."

"आत्ता जा."

तो उठला. चालतच निघाला आणि वाटेत त्याला आपल्याच हातच्या कितीतरी पाट्या लागल्या, पण त्याने वर मान केली नाही. इस्त्रीवाल्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं कपड्यांसाठी उभी होती. त्याला बघताच इस्त्रीवाल्याने हातातलं काम थांबवलं.

"कशा आहेत वहिनी?"

"बऱ्या आहेत." पेंटर फळीला धरून उभा राहिला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याने ते मनातून काढून टाकलं. "तुमच्या वडिलांसाठी तुम्ही जे उतरवून घेतलंत ना, त्यात चूक आहे. माझी चूक आहे."

"तुमची?" इस्त्रीवाला कळवळून हसला. "असं कसं होईल? तुम्ही स्वतः ओळ न् ओळ ताडून दिलंत की. दोन दिवस झोप नाही तुम्हाला, पेंटर. बसा इथे, चहा सांगतो."

"ऐका माझं."

"अहो, सगळा रस्ता सांगेल, तुमच्या हातची पाटी चुकत नाही." त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि त्यांनीही माना डोलावल्या. आत पडद्यामागे म्हातारा खोकत होता.

"चुकते," पेंटर म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं, पण या वेळी ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "शब्द मी गाळले. जागा पुरली नाही म्हणून गाळले, आणि त्यापायी ही मरता मरता वाचली. तो कागद घेऊन या आधी."

इस्त्रीवाल्याचं हसू मावळलं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो कागद आणायला आत गेला.